अक्षरातला मासा

फोन उचलला की नाडकर्णी म्हणत, "हाय, नाडकर्णीसान देस." म्हणजे, 'हो, मी नाडकर्णीसाहेब बोलतोय.' जपानीत स्वतःच्या नावाला कुणी 'सान' लावत नाही. तो समोरच्याला मान द्यायचा शब्द आहे. टोकियोतल्या आमच्या ओजिमात नव्याने राहायला आलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यातच कळतं, कारण ऑफिसातलं कुणीतरी तोंडावर हात धरून हसतं आणि आपण ओशाळतो. नाडकर्णींना जपानात चोवीस वर्षं झाली होती. त्यांच्यासमोरही लोक हसले असणारच. पण लोक आपल्याला हसत असतील, ही शक्यताच त्या डोक्यात शिरायला जागा नव्हती.

मुंबईच्या एका व्यापारी कंपनीतून ते आधी कोबेला आले, मग टोकियोला. कंपनीतून निवृत्त झाल्यावर 'सल्लागार' म्हणून मागे राहिले. कुणाला सल्ला देत, ते कंपनीला ठाऊक. आम्हाला मात्र फुकट मिळे. आमच्या इमारतीत पुण्या-मुंबईची पंधरा-वीस कुटुंबं होती, बहुतेक सगळी सॉफ्टवेअरवाली, तीन-चार वर्षांच्या करारावर आलेली. नवं कुटुंब आलं, की सामान खोक्यांतून बाहेर निघायच्या आत नाडकर्णी दारात हजर. "घाबरायचं नाही. मी आहे. कांजी म्हणजे काय, चित्रं हो. एकदा चित्र कळलं की जपान काय नि चीन काय, सगळं आपल्या खिशात."

कांजी म्हणजे जपानी लिपीतली मूळची चिनी अक्षरं, कपड्यांना करायची खळ नव्हे. त्यांतली तीन-चारशे नाडकर्णींना येत असावीत. पेपर वाचायला दोन हजार लागतात. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते मी ओजिमाला प्रत्यक्ष पाहिलं.

आम्ही नवीन होतो तेव्हा कचऱ्याचं कोष्टक त्यांनीच आम्हाला वाचून दाखवलं. इथे जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, सगळ्याचे वार ठरलेले. त्यांनी सांगितल्या वारी मी पिशवी खाली ठेवली. संध्याकाळी पिशवी जागच्या जागी, वर लाल स्टिकर, आणि शेजारच्या जपानी आजी माझ्याकडे बघत उभ्या. मी नाडकर्णींना सांगितलं, तर म्हणाले, "नियम बदलले वाटतं. मी बोलतो वॉर्ड ऑफिसला." नियम सहा वर्षांत बदलले नव्हते. खरं कोष्टक मला सुलभावहिनींनी समजावलं, त्यांच्या बायकोने. हळू आवाजात, जिन्यात गाठून, "ह्यांना सांगू नकोस हं, मी सांगितलं ते."

त्या माणसाला एक गोष्ट मात्र खरोखर येत होती, तीही नमूद केली पाहिजे. त्यांना मासा कळे. दिवाळीच्या जेवणाला एकदा कुणीतरी पैज लावली, तेव्हा डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांनी पाच प्रकारचे मासे नुसत्या चवीवर ओळखले. एक जपानी मासा तर कुठल्या ऋतूतला, तेही सांगितलं. "मी कारवारचा. आईच्या दुधाआधी मला बांगड्याचा वास कळला," असं म्हणत. हे एकच ज्ञान त्यांचं स्वतःचं होतं, बाकी सगळं वाढवून सांगितलेलं.

आणि त्यांच्याच घरात सुलभावहिनी मासा खात नव्हत्या. त्या मडगावच्या. लहानपणी मासळीवाचून ज्यांचा घास उतरत नसे, अशा घरातल्या. मुलगा निखिल दीड वर्षाचा असताना कोबेला फार आजारी पडला. डॉक्टर काय बोलतात ते कळत नव्हतं, नवरा शब्दांमागून शब्द फेकत होता आणि त्यातला एकही डॉक्टरला कळत नव्हता. त्या वेळी वहिनींनी देवीला सांगितलं, हा उठून बसू दे, मासळी-मटण आयुष्यात तोंडाला लावणार नाही. निखिल उठून बसला. माझा नवसावर विश्वास नाही. पण जपानात राहून मासा टाळणं ही काय चीज आहे, ते मला माहीत आहे. इथे आमटीच्या पाण्यापासून बटाट्याच्या भाजीपर्यंत सगळ्यात सुक्या माशाचा अर्क. वहिनींनी बावीस वर्षं ते पाळलं. दुकानात त्या प्रत्येक पाकीट उलटं करून बघत. वाचता फारसं येत नसे, पण एक चित्र त्यांनी पक्कं केलं होतं. माशांच्या नावांच्या अक्षरांत डाव्या बाजूला एक छोटासा मासा बसलेला असतो, खाली चार ठिपके, शेपटीसारखे. "तो दिसला की ठेवून द्यायचं. मला एवढंच वाचता येतं गं," म्हणायच्या.

चीनची ट्रिप ही अर्थातच नाडकर्णींची कल्पना. वसंतातल्या सुट्टीत तीन रात्रींची, संस्कृती आणि खाद्ययात्रा. नदीकाठचं एक जुनं गाव, दगडी पूल, जुनी कचेरी, नावेतून फेरी. अकरा जण तयार झालो. जायच्या आधी त्यांनी आम्हाला घरी बोलावून भाषण दिलं, की आपण एका अख्ख्या प्रांताचे पाहुणे आहोत. सहलीच्या कागदावर 'केन' असं अक्षर होतं, आणि जपानात केन म्हणजे प्रांत, त्याला गव्हर्नर असतो. शांघायला उतरून साडेपाच तास बसने गेलो. पोहोचलो तिथे एक एसटी स्टँडसारखा स्टँड, एक बाजार, एक नदी. आमच्या गाइड लीसान, तिशीच्या आतल्या, स्वच्छ जपानी बोलणाऱ्या, म्हणाल्या की चीनमध्ये हे अक्षर तालुक्याला वापरतात.

"तालुका?" माझा नवरा म्हणाला.

"ऐतिहासिक प्रांत," नाडकर्णी म्हणाले. "आता आकुंचन पावलाय."

गाव मात्र सुंदर होतं, त्याचं श्रेय त्यांना नाही. दगडी फरशीच्या गल्ल्या, नदीला उतरणाऱ्या पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका, दारांवर वाळत घातलेले मांसाचे लांब तुकडे, तव्यावर भाजलेल्या तिळाच्या गरम पोळ्या. जुन्या कचेरीत पूर्वीचा तालुक्याचा अंमलदार बसायचा ती उंच खुर्ची होती. लीसान तिथला इतिहास सांगू लागल्या, की नाडकर्णी त्यांच्या पुढे एक पाऊल सरकून मराठीतून आपला इतिहास सांगत. लीसान थांबत, हसत, वाट बघत. मला त्या मुलीची लाज वाटत होती, म्हणजे तिच्यासमोर आमची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्ता करत होतो, तेव्हा नाडकर्णी खांद्यावर टॉवेल टाकून, हातात साबणाची डबी घेऊन निघाले. समोरच्या गल्लीत जुनी लाकडी पाटी होती आणि तिच्यावर एकच अक्षर. जपानात ते अक्षर म्हणजे गरम पाणी, आणि ते दारावर असलं की आत सार्वजनिक स्नानगृह. "नदीकाठचं पारंपरिक स्नान. कुणी येतंय?" कुणी गेलं नाही. वीस मिनिटांनी मी आणि माझा नवरा तिथून गेलो, तर आत बाकावर नाडकर्णी, खांद्यावर टॉवेल, समोर भला मोठा वाडगा. चीनमध्ये त्या अक्षराचा अर्थ सूप. दुकानातली बाई साबणाच्या डबीकडे बघत होती.

पडलो तरी नाक वर, असा स्वभाव. आम्हाला बघून म्हणाले, "स्नानाआधी सूप घ्यायची इथली पद्धत आहे. शरीर आतून तापलं पाहिजे." आणि पुरा वाडगा संपवला. त्या गोष्टीवर आम्ही दिवसभर हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी तो टॉवेल घडी करून आपल्या पिशवीत ठेवला.

दुपारी जेवायला नदीवरच्या एका खाणावळीत गेलो. लीसाननी आधीच विचारून ठेवलं होतं, आमच्यात कोण काय खात नाही. वहीत वहिनींचं नाव लिहून घेतलं होतं. पण नावेच्या तिकिटांची काहीतरी गडबड झाली आणि त्या म्हणाल्या, दहा मिनिटं थांबा, मी आले की ऑर्डर करू.

"तुम्ही जा हो," नाडकर्णी त्यांना जपानीत म्हणाले. "जेवणाचं मी बघतो. मला वाचता येतं." त्या घुटमळल्या. नाडकर्णींनी हाताने हाकललं त्यांना, माशी हाकलावी तसं.

भिंतीवर काळ्या शाईने, जुन्या वळणात, पदार्थांची नावं लिहिलेली होती. नाडकर्णी चष्मा कपाळावर सरकवून समोर उभे राहिले. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत तीन कांजी. "हे बघा. पहिलं, नदी. दुसरं, ताजं. तिसरं, साई." यासाई म्हणजे जपानीत भाजी, आणि त्यातलं साई हे अक्षर भाजीचं. "नदीची ताजी भाजी! कमळकंद, शिंगाडे, असलं काहीतरी. सुलभा, तुझी सोय झाली. प्युअर व्हेज. अहो, नावातच साई आहे!"

सगळे हसले. मीही हसले, विनोद बरा होता म्हणून. चीनमध्ये ते अक्षर भाजीचं आहेच, पण कुठल्याही पदार्थाचंही आहे. डुकराचा पदार्थ असला तरी साईच. हे मला नंतर कळलं. त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं.

वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "त्या मधल्या अक्षरात मासा दिसतोय."

खरोखरच होता. डाव्या बाजूला छोटा मासा, खाली चार ठिपके.

"ते 'ताजं' आहे गं," नाडकर्णी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "त्या अक्षरात उजवीकडे मेंढीसुद्धा आहे. म्हणून काय ताटात मेंढी येणार आहे? तो मासा अक्षरातला. खायचा नव्हे." पुन्हा सगळे हसले. वहिनीही हसल्या थोड्या.

वाडगे आले. दुधासारखं पांढरं पाणी, हिरवी पानं, आणि लिंबाएवढे पांढरे शुभ्र मऊ गोळे. दिसायला पनीरच. नाडकर्णींनी हात केला, "सुलभा, तू सुरू कर. आज तुझा दिवस."

वहिनींनी एक गोळा तोंडात टाकला. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मीही माझा उचलला होता. मी सगळं खाते, मला पहिल्या घासाला कळलं. मासा होता. नदीतला, आलं घालून केलेला, काटे काढून वाटलेला. मी चमच्यासकट थांबले आणि नाडकर्णींकडे बघितलं. त्यांनीही तेव्हाच गोळा तोंडात टाकला होता.

डोळ्यांवर रुमाल बांधून ऋतू सांगणारा माणूस तो. त्यांचा जबडा हलायचा थांबला. त्यांनी बायकोकडे बघितलं. त्या क्षणी 'थांब' एवढं एकच म्हणायचं होतं. दहा माणसं हसली असती, टॉवेलला हसली तशी, आणि संध्याकाळपर्यंत विसरली असती. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "वा. कंदच आहे काहीतरी. नदीतला."

मी तोंड उघडलं. टेबलाखाली वहिनींनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. पलीकडून कुणीतरी विचारलं, "वहिनी, नक्की व्हेज ना? मग मीही घेते."

"भाजीच आहे," वहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही ते टोफूचं घ्या, ते जास्त चांगलं दिसतंय."

मग त्यांनी दुसरा गोळा खाल्ला. मग तिसरा. वाडग्यात सहा होते, सहाही संपवले. मी मूग गिळून बसले होते, आणि ते मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. पण माझं सोडा. बावीस वर्षांचा नवस एकेका घासाने संपत होता आणि ज्याच्या मुलासाठी तो बोलला होता तो माणूस समोर बसून कमळकंदाचे औषधी गुण सांगत होता. मला त्या माणसाची इतकी किळस आली, की समोरचं ताट ढकलून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात लीसान धापा टाकत आल्या. टेबल बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. जपानीत म्हणाल्या, "अरे वा, माशाचे गोळे मागवलेत! इथले प्रसिद्ध आहेत." मग वहिनींच्या रिकाम्या वाडग्याकडे त्यांची नजर गेली आणि हात वहीकडे.

'सकाना' म्हणजे मासा, हे ओजिमातल्या पोरासोरांना कळतं. नाडकर्णी वाडग्यात बघत म्हणाले, "ती दुसऱ्या पदार्थाबद्दल बोलतेय."

वहिनींनी लीसानकडे बघून मान लववली. "ओइशिकत्ता देस," त्या म्हणाल्या. फार चवदार होते. त्यांच्या जपानीत एकही चूक नव्हती.

नावेत वहिनी एकट्या कठड्याला बसल्या. दगडी पूल डोक्यावरून गेला, सगळ्यांनी फोटो काढले. त्यांनी मात्र निखिलला फोन लावला. तो ओसाकाला नोकरीला, आईशी जपानीतूनच बोलणारा. "बरा आहेस ना? जेवलास? ताप-बीप नाही ना?" पलीकडून ऐकू येत होतं, दाइजोबु, दाइजोबु, ठीक आहे, ठीक आहे. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा लावला. उतरायच्या आधी तिसऱ्यांदा लावला, तेव्हा त्याने उचलला नाही, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत त्या फोन हातात धरून बसल्या. नाडकर्णी नावेच्या टोकाला उभे होते. त्या दिवशी नदीबद्दल ते काही बोलले नाहीत, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

परत आल्यावर एका सकाळी कचरा ठेवताना मी वहिनींना गाठलं आणि सरळ विचारलं, का खाल्लंत?

"पाटीवरच कळलं होतं गं मला," त्या म्हणाल्या. बाटल्या एकेक करून क्रेटमध्ये ठेवत होत्या. "पण सकाळी त्या टॉवेलवरून सगळे किती हसलात."

"म्हणून नवस मोडायचा? एवढ्या माणसासाठी?"

'एवढ्या' हा शब्द मी कसा उच्चारला ते त्यांना कळलं. त्यांनी शेवटची बाटली ठेवली. "देवीला सांगून बघीन मी, ती ऐकेल. तुम्ही लोक ऐकणार नव्हतात." आणि जिना चढून गेल्या. मला खूप राग आला, त्यांचासुद्धा.

नाडकर्णींत काही फरक पडला नाही. दिवाळीला त्यांनी ट्रिपचे फोटो पडद्यावर दाखवले, दीड तास. प्रांताचे, म्हणजे तालुक्याचे. खाणावळीचा फोटो आला तेव्हा बटण जरा पटकन दाबलं. त्या जेवणात त्यांनी मासे घेतले नाहीत. कुणीतरी रुमालाची पैज पुन्हा लावू म्हणालं, तर म्हणाले, "डॉक्टरांनी बंद केलंय. युरिक ॲसिड." वहिनी स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "ह्यांचे सगळे रिपोर्ट मीच आणते. कुठला डॉक्टर ह्यांना भेटला, देव जाणे." मी म्हटलं, नवं काहीतरी वाचून आले असतील. आणि विसरले.

त्यानंतरच्या वर्षी मी ऑफिसच्या कामासाठी ओसाकाला गेले होते. दुपारची वेळ, स्टेशनवर भाताच्या मुदींचं एक छोटं दुकान, तिथे रांग अडली होती. पुढे कोण अडून बसलंय म्हणून मान काढून बघितलं, तर नाडकर्णी. मुलाकडे आले असणार. एकटेच. चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात एक मूद, आणि तिच्या कागदावरच्या बारीक अक्षरांखाली ते बोट सरकवत होते. एका अक्षरापाशी थांबले, कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. मग काउंटरपलीकडच्या बाईंना म्हणाले, "माफ करा, यात मासा आहे का?"

आवाज इतका हळू होता, की तो त्यांचाच आहे हे मला पटायला वेळ लागला. बाईंनी बघून सांगितलं, हो, अर्क आहे. त्यांनी ती मूद परत ठेवली, दुसरी उचलली, पुन्हा बोट. "यात?" तीही ठेवली. मागचे लोक घड्याळ बघू लागले. तिसरी. "मला नीट वाचता येत नाही," ते म्हणाले. "जरा वाचून सांगता का?"

जपानात चोवीस वर्षं, वर आणखी दोन. एवढंच विचारायचं होतं, तिथे, त्या भिंतीसमोर, बायको शेजारी बसलेली असताना. मला पुन्हा तोच राग आला, आणि त्या रागाचं पुढे काय करायचं ते कळेना.

बाईंनी वाचलं. नुसतं मीठ आणि भात. नाडकर्णींनी त्यांना दोनदा वाकून नमस्कार केला, बाजूला जाऊन खांबाशी उभे राहिले आणि ती कोरडी मूद हळूहळू खाऊ लागले.

मी हाक मारली नाही. मारली असती, तर त्यांनी लगेच मला त्या मुदीचा इतिहास सांगायला सुरुवात केली असती.